पाटीत उरलेला माल

चांगुणा, तू तेव्हा लहान होतीस. भरती लागली आणि काकांची होडी मला घेऊन कोलशेतहून कल्याणकडे निघाली. ती सकाळ अजून मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी दिसते. खाडीवर धुकं, आणि त्यात विरत जाणाऱ्या तुम्ही दोघी मायलेकी. आई एवढंच म्हणाली होती, "तुजं घर झालं का मना बोलव. नाय झालं, तं परत ये." माझ्या शिक्षणाचं तिला काही नव्हतं. तिला माझं घर पाहायचं होतं, आणि मला ते तिला दाखवायचं होतं.

शहाडच्या गिरणीत कारकून व्हायचं तर जमाखर्चाची परीक्षा हवी, म्हणून मावशीकडे राहून मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. लेले मास्तर फळ्यावर एक दुकानदार उभा करायचे. त्याने भांडवल घातलं, माल घेतला, विकला. सांगा, नफा किती? मला तो दुकानदार फार आवडायचा. त्याचा माल कधी नासत नसे. मी खिडकीबाहेर बघत त्याच्या दुकानात रमून जायचो, आणि उत्तर दर वेळी चुकायचं.

शेवटी मास्तर वैतागले. "अरे, वर्षअखेर उरलेला माल गेला कुठे? तो तू धरतच नाहीस!"

मला आईची पाटी आठवली. सुकवायची मासळी वेगळी. पण बाजारातून परतल्यावर पाटीत राहिलेली ताजी मासळी आई आळीत वाटून टाकायची. "आजचं म्हावरं आजच सरू दे. उद्याचं खारी देल." खाडीवर तिचा एवढा भरवसा होता. माझ्या मनात संध्याकाळची पाटी रिकामीच होती.

मास्तरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "परीक्षेत वाण्याचं दुकान येतं रे," म्हणाले. "उरलेलं धरायला शीक."

शिकलो. पास झालो, गिरणीत लागलो, डोंबिवलीच्या चाळीत खोली घेतली. महिन्याचे डबे भरले आणि आईला बोलावलं.

ती डोक्यावर कोळंबीची पाटी घेऊनच आली. आम्ही जेवलो आणि उरलेली कोळंबी घेऊन ती शेजारी निघाली. मी अडवेपर्यंत दोन-तीन दारं वाजवून झाली होती. सगळी बिऱ्हाडं शाकाहारी. जोशीकाकू तर किती गोड बोलून नको म्हणाल्या! आई परत येऊन पाटीपाशी बसली. "कुनालाच नको?"

मी पाटी उचलून डोक्यावर घेतली, ऑफिसच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी, आणि तिला खाडीकाठच्या गावात घेऊन गेलो. पहिल्याच दारातल्या बाईने कोण, कुठले काही न विचारता टोप पुढे केला. पाटी रिकामी झाली. परतताना आई म्हणाली, "आता झालं तुजं घर."

चांगुणा, तूही ये. पाटी भरून आण. उरलेलं कुठं द्यायचं ते आता मला ठाऊक आहे.