चौदा रात्री मागितल्या होत्या

मला चौदा रात्री हव्या होत्या. मिळाल्या तीन. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

झालं असं की अक्काची सासू गेल्या वर्षी वारली. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, जळगावात असते. मी धुळ्यात, देवपुरात. सासू अकरा वर्षं अंथरुणावर होती आणि त्या अकरा वर्षांत अक्का माझ्याकडे एकदाही मुक्कामाला आली नाही. लग्नकार्याला यायची ती सकाळच्या बसने, आणि पंगत उठायच्या आत तिची परतीची चुळबूळ सुरू. वर्षश्राद्ध झालं तसं मी ठरवलं, आता हिला कुठेतरी न्यायचंच. देवदर्शन मात्र नको. ती सहल मी दोनदा केलेली आहे. सहा दिवसांत नऊ देवळं, रोज पहाटे चारला बॅग बसमध्ये, रोज नव्या खोलीत दिव्याचं बटण शोधायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला विश्रांती म्हणून असल्या बसमध्ये कोंबणं हा शुद्ध छळ आहे.

जहाजाचं मला कॉलेजच्या ग्रंथालयातल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंनी सांगितलं. त्या नुकत्याच जाऊन आल्या होत्या. मुंबईहून निघायचं, कोलंबो, मग पुढे पार सिंगापूर. चौदा रात्री. बॅग एकदाच उघडायची. गाव आलं की वाटलं तर उतरा, नाहीतर झोपा. आणि मधले कितीतरी दिवस नुसतं पाणी, उतरायचा प्रश्नच नाही. मी त्या मधल्या दिवसांवर भाळले. जिथे स्वयंपाक नाही, पाहुणा येऊ शकत नाही आणि फोन लागत नाही, अशी दुसरी जागा मला तरी माहीत नव्हती.

मला ते दिवस का हवे होते तेही सांगते. आम्ही नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. सातवीनंतर वडिलांनी तिला शाळेतून काढलं, दोन वर्षांत लग्न लावून दिलं. पुढे माझी वेळ आली तेव्हा मात्र मला धुळ्याला शिकायला ठेवलं. मी शिकले, नोकरी केली, आता पेन्शन घेते आहे. आई शेवटपर्यंत म्हणायची, अक्कानं स्वतःच नको म्हटलं, तिला घरकामाचीच आवड. ते खरं होतं का, एवढंच मला अक्काच्या तोंडून ऐकायचं होतं. पन्नासेक वर्षांत विचारायला अर्धा तास सापडला नाही. तिच्या स्वयंपाकघरात कुठलंही वाक्य कुकरच्या शिट्टीपलीकडे जात नाही.

तर मी तिचा पासपोर्ट काढून घेतला आणि मग भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला, सांगितलं.

"मावशी, चौदा दिवस पाण्यात करणार काय तुम्ही? आईला कंटाळा येईल."

अकरा वर्षं बेडपॅन धुताना आला नाही, तो आता खुर्चीत बसून येणार होता! मी तसं तोंडावर म्हटलं. तेव्हा खरं कारण बाहेर आलं. नळ. जळगावात काय नि धुळ्यात काय, नळ तीन-चार दिवसांनी येतो, आणि बाहेरगावी किती दिवस जायचं हे आमच्याकडे सुटीवर नाही, नळाच्या पाळ्यांवर ठरतं. भाचा आणि सून दोघंही नोकरीला. पाणी दुपारी येवो की भल्या पहाटे, मोटर लावायला, टाकी भरायला, पिण्याचं गाळायला घरात अक्काच. "एक पाळी सांभाळून घेऊ मावशी," भाचा म्हणाला, "चार कशा सांभाळायच्या?" तो हे चेष्टेत म्हणत नव्हता.

एक पाळी म्हणजे तीन रात्री. तेवढीच गोव्याला जाऊन परत येणारी बोट मिळाली. आमच्या ह्यांनी "तुम्ही बहिणी जा, मी नळ बघतो," म्हणत आनंदाने अंग काढून घेतलं.

मी धुळ्याहून चाळीसगावला गेले आणि अक्का जळगावहून ज्या गाडीत बसली होती ती तिथे पकडली. तिच्याजवळ एक बॅग कपड्यांची आणि एक खाण्याची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे बिबडे. बोटीवर चढताना तपासणीवाल्याने खाण्याची बॅग बाजूला काढली, घरचं आत नेता येत नाही म्हणाला. अक्कानं वाद घातला नाही. त्याचं जेवण झालंय का, ते विचारलं आणि दशम्या कशाबरोबर खायच्या ते समजावून सांगितलं. मागे रांग तुंबली होती आणि मी लाजेनं अर्धी झाले होते.

आता तीन रात्रींत काय होतं ते ऐका. पहिला दिवस कागद, कार्ड, जीवरक्षक जाकिटाची कवायत आणि आपली खोली शोधण्यात जातो. दोनदा आम्ही भलत्याच मजल्यावर दुसऱ्याच्या दाराशी झटापट करत होतो. रात्री मी बाथरूममध्ये गेले तर पेले, बाटल्या, चहाची किटली, बर्फाचं भांडं, सगळं काठोकाठ भरलेलं.

"अक्का, इथे चोवीस तास पाणी असतं गं."

"सकाय नही ऊनं तं?" ती आमच्या अहिराणीत म्हणाली आणि सकाळी पाणी आलंच नाही तर हाताशी असावं म्हणून पेल्यांवर बशा झाकल्या.

दुसरा दिवस गोवा. बोट थांबते, सगळे धावत उतरतात, धावत चढतात. अक्का सकाळी पाचला उठून, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसली होती, कुणीतरी हाक मारील म्हणून. दिवसभर सुनेचे फोन. गूळ कुठे आहे, कणकेचा डबा कुठला, गॅसवाला आला. अक्का बंदरावर उभी राहून जळगावातलं स्वयंपाकघर चालवत होती. संध्याकाळी बोट खोल समुद्रात गेली आणि फोन बंद पडला. ती रात्रभर तो हातात घेऊन झोपली.

तिसरा दिवस मात्र खरा. अक्का आठला उठली. न्याहारीला गेली तेव्हा फोन खोलीतच राहिला. दुपारी जेवून चार वाजेपर्यंत झोपली. माझ्या जाणत्या वयात मी तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. उठल्यावर आम्ही वरच्या डेकवर जाऊन बसलो. तिनं आइस्क्रीम मागून घेतलं, ते संपल्यावर आणखी एक. केस सुटले होते, तिनं ते बांधले नाहीत. मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण विचारायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं.

मला विचारावं लागलं नाही. समुद्राकडे बघत तीच म्हणाली, "मनी शाळा सुटनी, त्यानं आईनी तुले काय सांगेल व्हतं?"

मी सांगितलं. शाळा तूच नको म्हणालीस, असं आई सांगायची.

अक्का हसली. तसं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. "मी?" ती म्हणाली. "मी त्या दिन..."

तेवढ्यात कर्ण्यावरून सूचना आली. उद्या सकाळी मुंबई. सर्व प्रवाशांनी आपल्या मोठ्या बॅगा रात्री जेवणानंतर खोलीबाहेर ठेवाव्यात.

अक्का ताडकन उठली. गुडघे विसरून उठली. केस बांधले, "चाल चाल, बॅगा भरना शेतस," म्हणत जिन्याकडे निघाली. मी तिचा हात धरला, म्हटलं, अजून तीन तास आहेत, बस, बोल. "सकायले सांगसू," ती म्हणाली. त्या क्षणी त्या सूचना देणाऱ्या बाईचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. खरं तर त्या बिचारीचा काय दोष? मी रडलेसुद्धा, पण बाथरूममध्ये जाऊन.

सकाळी मुंबईचा किनारा दिसायच्या आधी तिचा फोन वाजायला लागला. रांगा, बॅगा, टॅक्सी, गाडी. नाशिकच्या पुढे मी एकदा विषय काढला तर ती म्हणाली, "व्हतं काहीतरी, जाऊ दे." चाळीसगावला मी उतरले. खिडकीतून तिनं हात हलवला, दुसऱ्या हातात फोन कानाला होता.

आता लोक मला विचारतात, एवढ्या लांबच्या सफरीत करायचं काय? मी सांगते, पहिले तीन दिवस तर माणूस अजून घरीच असतं. फक्त खुर्ची बोटीवर असते. खरी सुटी चौथ्या दिवशी सुरू होते आणि आम्ही चौथ्या दिवशी सकाळी बॅगा ओढत उतरलो. तीन दिवसांची सहल म्हणजे दार उघडून आत पाय ठेवायच्या आत बाहेर काढणं.

गेल्या महिन्यात भाच्याला पुन्हा फोन केला. चौदा रात्रींची बोट पुन्हा निघणार आहे. "मावशी, एवढ्यातच तर जाऊन आली ना आई," तो म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. आईवर जीव आहे त्याचा. म्हणून तर बोलणं आणखी अवघड होतं. मी रागात अक्कालाच फोन लावला, म्हटलं, तू स्वतः तोंड उघडून सांग त्याला, नाहीतर मी येऊन भांडते.

घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात ती म्हणाली, "भांडू नको. पन तीन दिनमा नही व्हत ते. ती पोर कोन व्हती, हाई याद करालेच माले आठ दिन लागतीन. मंग सांगसू."

अक्का बहात्तर वर्षांची आहे. तिचे सलग आठ दिवस मला कुणी देत नाही.