बरणीतले फुफ्फुस

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाने भावाच्या डोक्यात घातलेले फावडे पाहिले. त्या गुन्ह्यांमागे राग होता, दारू होती, लोभ होता. पण मेलेल्या माणसाचे फुफ्फुस चोरून त्या जागी बकऱ्याचे ठेवणारी माणसे मी एकदाच पाहिली. आज निवृत्त होऊन घरी बसलो आहे, तरी ती आठवली की रक्त तापते. संबंधित कोणाचेही नाव मी येथे देत नाही.

अकोल्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून, कोणाला बंदोबस्तावर आणि कोणाला समन्स बजावायला पाठवायचे ते ठरवत होतो. तेवढ्यात अमरावतीहून फोन आला. पलीकडे एक डॉक्टरबाई होत्या. शरीरातल्या अवयवांचे तुकडे तपासून रोग ओळखणे हे त्यांचे काम.

"इन्स्पेक्टर साहेब, कामगार न्यायालयाने तुमच्या अकोल्याच्या रुग्णालयातून एक बरणी माझ्याकडे तपासणीला पाठवली आहे. आत एका मृत कामगाराचे फुफ्फुस आहे असे वर लिहिले आहे. मला ते माणसाचे वाटत नाही."

"माणसाचे नाही म्हणजे?"

"कंपनीचे वकील म्हणतात, तो माणूस जन्मभर बिडी ओढायचा, म्हणून खोकून मेला. आणि या तुकड्यांवर एकही काळा ठिपका नाही. रचनाही वेगळी दिसते. खात्रीची चाचणी मी करून घेतेच आहे, पण तुम्ही निकालाची वाट पाहू नका."

पुढे चाचणीचा निकाल आला. फुफ्फुस बकऱ्याचे होते. न्यायालयाने लेखी तक्रार दिली आणि आम्ही गुन्हा नोंदवला.

मृताच्या पत्नीला मी ठाण्यात बोलावून घेतले. शहराबाहेर लहानशा मळ्यात मेथी, पालक आणि झेंडू लावणारे हे कुटुंब. बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. सोबत लग्न झालेली मुलगी होती. नवरा तरुणपणी सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. ॲस्बेस्टॉसच्या गोण्या फोडून त्या यंत्रात रिकाम्या करायच्या, हे त्याचे काम. तोंडाला बांधायला कंपनीने साधे फडकेही दिले नव्हते. कारखाना बंद पडला आणि कितीतरी वर्षांनी त्याला दम लागू लागला. डॉक्टर बदलले, औषधे बदलली, पण प्रत्येकाने क्षयाचाच इलाज केला.

ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुफ्फुसात रुतून बसतात आणि ते हळूहळू कडक करत जातात. हा आजार कामातून होणारा आजार म्हणून कायद्याने मान्य केलेला आहे. त्यात कामगार गेला तर बायकामुलांना भरपाई मागता येते, मग तो ठेकेदाराचा माणूस का असेना. आजार नोकरी सुटल्यावर उमटला म्हणूनही हक्क आपोआप बुडत नाही. मात्र माणूस याच आजाराने गेला हे घरच्यांनी सिद्ध करायचे. तसा कागद एकाही डॉक्टरने दिलेला नव्हता. पुरावा होता तो त्या माणसाच्या छातीत.

"मालकाले सगळं समजलं होतं साहेब," बाई सांगू लागल्या. नवऱ्याला त्या मालक म्हणत. "वकिलानं सांगतलं होतं त्याईले. जाताना मले म्हने, मी गेलो का मले फाडाले लाव, पन आपलं म्हननं खोटं पडू देऊ नको. सोयऱ्याईनं लय शिव्या देल्या मले. मुर्दा दारात अन् हे बाई डाक्टर बलावते म्हने. मी आयकलं नाई कोनाचं."

बाईंच्या अर्जावरून रुग्णालयात शवविच्छेदन झाले होते आणि फुफ्फुस सीलबंद बरणीत न्यायालयासाठी ठेवले गेले होते. आता त्या बरणीत काय निघाले ते मला त्यांना सांगावे लागले. एखाद्या घरी मृत्यूची बातमी देणे पोलिसाला नवीन नसते. ही बातमी कशी द्यायची ते मला सुचेना. सरळ सांगून टाकले. मुलीने तोंडाला पदर लावला.

"मंग माह्या मालकाचं कुठी हाय?" बाईंनी विचारले.

ते शोधून आणीन एवढेच म्हणालो.

रुग्णालयात जाऊन नमुने ठेवायची खोली पाहिली. खोलीची किल्ली एका स्टोअरकीपरकडे असे. लाखेच्या सीलचा पितळी ठसा त्याच खोलीत खिळ्याला टांगलेला! ज्याच्याकडे वस्तू त्याच्याकडेच सील, मग ते सील कशाचे? तिथल्या प्रत्येकाने कानावर हात ठेवले. स्टोअरकीपर निवृत्तीला आलेला, गळ्यात माळ घातलेला, शांत गृहस्थ होता. त्याच्यावर संशय घ्यावा असे कोणालाच वाटेना.

मी उलट्या बाजूने सुरुवात केली. बकऱ्याचे फुफ्फुस कोणीतरी विकत घेतले असणार. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या मटणाच्या दुकानांवर साध्या वेशात माणसे फिरवली. बहुतेकांनी हसण्यावारी नेले. शेवटी एका वयस्कर चाचांनी माझ्या हवालदाराला स्टूल दिले.

"ऐसा गिऱ्हाईक कोन भुलते साहेब?" ते म्हणाले. "पुरा फेफडा पायजे, कापू नका म्हने. तोंडाले रुमाल लावेल. पिशवी अशी हात लांब करून धरली, जशी आत सापच हाय. तेवढ्यात त्याले फोन आला, तं रुमाल काढून फोनवर म्हने, दंडवत प्रणाम. म्या म्हनलं, या अल्ला, हा मानूस आपल्या दुकानात काहून आला?"

'दंडवत प्रणाम' हा महानुभाव पंथीयांचा नमस्कार. मांसाला ते शिवत नाहीत. स्टोअरकीपरचे गाव रिद्धपूर या त्यांच्या तीर्थाजवळचे. तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली आणि चाचांनी त्याच्यासमोर जाऊन बोट दाखवले.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. सराईत गुन्हेगार मोजके बोलतो. पहिल्यांदा चुकलेला माणूस नाही म्हणताना फार बोलतो. हा गृहस्थ बोलतच होता. रुग्णालयात माणसे किती कमी, उंदीर किती, किल्ली कोणीही नेतो. मी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही हे पैशासाठी करणाऱ्यांतले नाही. काय कबूल केले होते तुम्हाला?"

तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "पोराले नोकरीले लावून देतो म्हनला. कंपनीचा दुसऱ्या जिल्ह्यात चालू कारखाना हाय. परमनंट करू म्हने."

"कोण म्हणाला?"

त्याने नाव सांगितले. बंद कारखान्याचा जुना लेबर ऑफिसर, जो अजून कंपनीची कोर्टाची कामे पाहत होता.

"आणि मुलाला कोणत्या खात्यात लावणार होते?"

"सुरुवातीले गोन्या फोडाच्या खात्यात. मंग पुढे आत घेऊ म्हने."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "तुम्ही ज्याचे फुफ्फुस बदलले, तो माणूस काय काम करत होता ठाऊक आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. मी सांगितले. गोण्यांतली धूळ, दम, क्षयाची औषधे, शेवटी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपणे, सगळे सांगितले. तो माणूस खुर्चीतून खाली उतरला आणि जमिनीवर बसून कपाळ बडवू लागला. "माह्या पोराले... त्याच खात्यात..." एवढेच त्याच्या तोंडून निघत होते.

थोड्या वेळाने त्याने पाणी मागितले आणि स्वतःहूनच म्हणाला, "त्यानं मले ते नालीत टाकाले सांगतलं होतं साहेब. माह्याच्यानं झालं नाई. मानसाचं होतं ते."

दोन पंचांसमोर त्याचे निवेदन नोंदवले आणि आम्ही जीप काढली. त्याच्या गावी, शेताच्या धुऱ्याला म्हणजे बांधाला, बोरीच्या झाडाखाली त्याने जागा दाखवली. खणल्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी निघाली. तोंडाला मेण लावून बंद केलेली. आत फुफ्फुसाचे तुकडे रुग्णालयातल्या नमुने टिकवायच्या औषधी पाण्यात शाबूत होते. बरणीवर हळदकुंकू वाहिले होते. माझ्या पंचांपैकी एकाने नकळत टोपी काढली.

लेबर ऑफिसरला आणले तेव्हा तो पंख्याखालची खुर्ची निवडून बसला. फोनचे तपशील समोर ठेवले तरी चेहऱ्यावर घाम नाही.

"साहेब, मेलेल्या माणसाला फुफ्फुसाचा काय उपयोग होता?" त्याने मलाच विचारले.

"तुम्हाला काय उपयोग होता?"

"एकाला मिळालं की उद्या अख्खी वस्ती दारात उभी राहील. प्रत्येक घरात एक खोकणारा आहे. कोणाकोणाला पुरायचं?"

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणूनच तो इतका बिनधास्त बोलला. प्रत्येक घरात एक खोकणारा आहे, हे कंपनीला माहीत होते! त्या खोकणाऱ्यांना माहीत नव्हते, त्यांच्या डॉक्टरांना माहीत नव्हते, सरकारी दप्तराला माहीत नव्हते. ज्याने धूळ चारली त्याला मात्र घराघराचा हिशेब तोंडपाठ. त्या दिवशी मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो, कारण आत थांबलो असतो तर माझा हात उठला असता.

मुलीच्या रक्ताशी जुळवून ते फुफ्फुस तिच्या वडिलांचेच असल्याचे सिद्ध झाले. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू दाखवून दिले. स्टोअरकीपरने न्यायालयात गुन्हा कबूल केला. लेबर ऑफिसर जामिनावर सुटला. त्याचा खटला चालूच आहे. त्याच्या वरच्यांपर्यंत मला पोचता आले नाही. फोन तो करायचा, त्याला कोणी करायला सांगितले याचा पुरावा मिळाला नाही. दोषारोपपत्रावर सही करताना ही खंत होती आणि आजही आहे.

भरपाईचा निकाल लागला तेव्हा मी कामगार न्यायालयात हजर होतो. कुटुंबाचा दावा मंजूर झाला. मुलगी रडू लागली. बाई मात्र उठून पुढे गेल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "मालकाचं झालं साहेब. आन् माह्यं?"

कोणालाच काही कळले नाही. तेव्हा मुलीने पिशवीतून आईच्या छातीचा एक्स-रे काढून दाखवला. बाईंनाही दम लागत होता. डॉक्टरबाईंनी तपासले होते आणि तोच आजार सांगितला होता. नवरा रोज धुळीने पांढरा होऊन घरी यायचा. बाई त्याचे कपडे अंगणात झटकायच्या, मग धुवायच्या. कितीतरी वर्षे.

न्यायाधीश भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, हा कायदा कामगारासाठी आहे. तुम्ही तिथे कामगार नव्हता. मला यात काही करता येत नाही."

पोलीस खात्यात आम्हाला शिकवतात की गुन्ह्याच्या जागेभोवती आधी दोरी बांधा. या प्रकरणाने मला शिकवले की काही गुन्ह्यांची जागा दोरीत मावत नाही. कायद्याने कारखान्याच्या फाटकावर रेघ ओढली, धूळ मात्र रेघ ओलांडून घरात शिरली. कामगाराच्या घरच्यांना हक्क आहेत, पण ते कोणी त्यांना सांगत नाही. आता मी त्या वस्तीत जाऊन सांगतो. खोकला जुना असेल तर डॉक्टरला कामाचे स्वरूप आधी सांगा. घरात मृत्यू झाला तर घाई करू नका, शवविच्छेदनाचा अर्ज द्या. मुदत टळायच्या आत वकील गाठा. ही काही मोठी विद्या नाही. ती वेळेवर कळली नाही म्हणून किती घरे नुसती क्षयाच्या नावाने रिकामी झाली असतील, या विचाराने संताप होतो.

बाईंनी दिवाणी न्यायालयात कंपनीवर स्वतःचा दावा लावला आहे. त्यांच्या साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. कंपनीच्या वकिलाने विचारले, "तुम्ही या कारखान्यात कधी काम केले?"

"नाई."

"कधी आत पाऊल तरी टाकले?"

"नाई."

"मग कारखान्याचा तुमच्याशी संबंध काय?"

बाईंनी खोकला आवरला, कठड्याला धरून सरळ उभ्या राहिल्या.

"मी नाई गेली कारखान्यात साहेब. कारखानाच रोज माह्या घरी येत जाय."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला ते उत्तर बाईंच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितले. दावा अजून चालू आहे.