दाबलेली फाईल

"तू बाहीर बस. एसी हाय. मेंढराचा वास कोंडतो."

हे तो माझ्या वडिलांना म्हणाला. वडील साठीला टेकलेले, तो असेल तिशीचा. आमच्या बाजारगावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं त्याचं केंद्र आहे. बापाची बागायत, घरात पुढारपण, सगळे त्याला भैय्या म्हणतात. दादा, म्हणजे माझे वडील, दारातच थांबले. हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले. काचेतून त्यांचा फक्त पटका दिसत होता. तेव्हाच उठून यायचं होतंस, असं लोक आता सांगतात. सांगणाऱ्याचं काय जातं? मला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागला होता. पण जात पडताळणीच्या प्रमाणपत्राशिवाय ती जागा पक्की होणार नव्हती, आणि मुदत संपत आली होती.

पिशवीत आज्याचा कागद होता. शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या पानाची नक्कल. आजा शाळेत थोडेच दिवस गेला, मग मेंढरांमागं लागला तो मरेपर्यंत. पण तेवढ्यात कुण्या मास्तरनं शाईनं त्याचं नाव लिहिलं, पुढं जात लिहिली. आम्ही कोण, हे सरकारदरबारी सांगायला आमच्याकडे तेवढी एकच ओळ. वर्षभर फिरणारी माणसं आम्ही. दुसरा कागद कुठून आणणार?

भैय्यानं कागद स्कॅन केला. वेबसाईट तो घेईना.

"लई जड हाय," तो म्हणाला. "दाबावी लागंल."

आमच्याकडे फाईल लहान करायची असली की दाबतात. केंद्रावर बसणारी सगळी पोरं हाच शब्द वापरतात. त्यानं एकदा दाबली, घेईना. आणखी दाबली. स्क्रीनवर आज्याचं नाव आधी फिकं झालं, मग फुटलं, मग शाई सांडल्यागत नुसता डाग राहिला.

"भैय्या, नाव वाचता येईना."

"तुझ्या आज्याचं नाव वाचायला कोण बसलंय तितं? मेंढरावाल्याला काय नाव अन् काय गाव!"

बाकावरची माणसं हसली. त्यात आमच्या ओळखीचेही होते. भैय्यानं अर्ज पाठवून दिला आणि पुढच्याला हाक मारली.

अर्ज परत आला. कागद अस्पष्ट, एवढंच कारण. पुन्हा भरायला वेळ उरला नव्हता. जागा गेली. माझ्या वर्गातली मैत्रीण पांढऱ्या ड्रेसमधले फोटो पाठवायची, आणि मी लिंबाखाली लंगडी मेंढी धरून तिच्या खुरात औषध घालत असायची. रडू येत नव्हतं. नुसता थकवा. सकाळी उठले तरी थकलेलीच. दादा म्हणायचे, "आपलं नशीब." मला त्या शब्दाचाही कंटाळा आला होता. नशिबानं काय केलं? फाईल भैय्यानं दाबली होती.

उन्हाळा लागला. आमच्या भागात मोकळ्या झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. कळप जाळीत कोंडून रानात मुक्कामी ठेवायचा. लेंड्यांचं खत मालकाला, बदल्यात धान्य आम्हाला. भैय्याच्या रानात आमची मेंढरं दरसाल बसायची. त्याची गाडी थेट आमच्या पालापाशी आली. उतरला, हात जोडले.

"दादा, तुमची मेंढरं बसवा की आमच्या रानात. तुमच्या खतावर ऊस लई फोफावतो."

दादा. तुमची. केंद्रातला 'तू' कुठं गेला होता? राग आलाच, पण त्याहून जास्त किळस आली. तीच मेंढरं, तोच वास.

मी म्हणाले, "न्हाई बसणार. वास कोंडंल तुमच्या रानात."

तो हसला. "अगं, रानात कावून कोंडंल?"

"मग एसीत कावून कोंडला?"

त्याचं हसू गेलं. माझ्याशी बोलायचं सोडून तो दादांकडे वळला.

"ए म्हाताऱ्या, पोरीला आवर."

दादा त्याच्याकडे बघेचनात. माझ्याकडे बघत राहिले. मग मेंढरांभोवतीची जाळी सोडायला लागले. "चल," ते मला म्हणाले. "पाली गावाकडं बघू, कुणाचं रान भेटतंय का."

रान सहजी भेटलं नाही. भैय्याच्या शब्दावर त्याच्या सोयऱ्यांनीही आम्हाला नको म्हटलं. धान्य कमी पडलं, टाचा फुटल्या. दादांनी मला एकदाही बोल लावला नाही.

आता पुन्हा प्रवेश सुरू झालेत. या वेळी मोबाईल घेऊन मीच बसलेय. कागद उजेडात धरून फोटो काढला. कडेची कोरी जागा कापली. रंग काढून टाकला. मग थोडं थोडं दाबत आणलं. आज्याचं नाव अजून वाचता येतंय. वेबसाईट म्हणते, फाईल अजून मोठी आहे. डोळे चुरचुरतात. परत करते.

नाव वाचता येतंय तोवर दाबीन. त्यापुढं तसूभरही नाही. तरी वेबसाईटला जड होत असेल, तर होऊ दे. मी कागद घेऊन बीडला पडताळणीच्या कार्यालयात जाणार आणि साहेबाच्या टेबलावर ठेवून म्हणणार, वाचा. दादा सोबत असतील. चपलांजवळ नाही. आत, खुर्चीवर. मेंढरांतून उठून येतील त्याच कपड्यांत.