लेकी देणारं साटंलोटं
यंत्राच्या तेलाचा वास आला की अंबडचा तो कारखाना आठवतो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसला संरक्षक जाळी नव्हती, म्हणून एका कामगाराची तीन बोटं गेली. मालकाने घाईघाईने जाळी बसवली. मग चौकशीला आलेल्या सरकारी तपासनिसाने आमचे वडे खाल्ले, ढेकर दिली आणि "कामगारानेच जाळी काढली होती" असं लिहिलं. साक्षीदार म्हणून मी, सुपरवायझरने, सही केली. फाटकाशी कामगाराच्या आईने मला अडवलं. "लोक ह्याला साटंलोटं म्हणताय. आमच्यात दोन घरं लेक देऊन लेक घेतात, ते साटंलोटं. तिथं आपलीच लेक द्यावी लागती, साहेब. तुम्ही माझ्या पोराची बोटं देऊन मोकळे झाले!" आज सत्तरीत लिहून ठेवतो: ती खरं बोलली, आणि त्या भेकड सहीवर मला बढती मिळाली.