आढ्याला राहिलेला देठ

आई गुरुवारी गेली. शुक्रवारी शेजारच्या एग्नेस मावशीनं आमच्या पडवीत टांगलेला चिबूड कापला.

घरात चूल बंद होती. मनोरीहून पाहुणे आले होते, त्यांची मुलं भुकेली होती. मावशीनं फोडी केल्या, वर गूळ घातला. साली आणि बिया तिच्या कोंबड्यांना टाकल्या. बियाण्यासाठी टांगलेल्या फळाला आमच्या गोराईत कुणी हात लावत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "पेरणार कोण आता, म्हणून कापला गं. तू मुलुंडला, ताई मनोरीला."

मी ताटं मांडायला घेतली. आम्हाला सगळ्यांना तीच जेवायला घालत होती.

मुलुंडच्या एका लॅबमध्ये मी बियाण्यांचे वाण डीएनएवरून ओळखायचं काम करते. चिबूड हा खरबुजाचाच भाऊबंद. विकतचं बी सगळीकडे एकसारखं असतं, घरी राखलेलं घरोघर थोडं वेगळं. रोग आला की हा वेगळेपणा कामाला येतो. मागे एकदा गोराईत वेलांवर भुरी पडली, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी. बाकीच्यांचे वेल करपले, आईचे तगले. तेव्हापासून आमच्या लॅबच्या हेड मॅडम आईचं बी मागत होत्या. यंदा ती तयार झाली होती. फळ पुरतं पिकू दे, एवढंच म्हणाली होती. आधीचं बी तिनं सगळं पेरलेलं. वेलही उपटून, जाळून झाले होते.

कामावर परतले. मॅडमनी आधी आईबद्दल विचारलं. मग बियांच्या सॅम्पलचं विचारलं.

"कोंबड्यांनी खाल्लं."

"काहीच उरलं नाही?"

"देठ आहे. आढ्याला बांधलेला."

"देठ पेरता येत नाही."

"ओळखता येतो ना, मॅडम."

आई फळ वेलाच्या तुकड्यासकट तोडायची आणि त्या तुकड्याला दोरी बांधायची. तो तुकडा म्हणजे आईच्या वेलाचाच भाग. त्यातून डीएनए निघू शकत होता. तुलनेला ताईचा चिबूड होता. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना ओटीत बी घालतात. ताईनं ते दरवर्षी पेरलं, राखलं. माझं लग्न झालं नाही, म्हणून माझ्या वाट्याला बी आलं नाही.

मी देठ उतरवून आणला, ताईकडून थोडं बी आणलं. वाळलेल्या देठातून डीएनए काढणं जिकिरीचं असतं. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा निघाला. ताईच्या बियांत आईच्या वेलाच्या बऱ्याच खुणा सापडल्या, पण मनोरीच्या वेलांच्याही होत्या. मधमाश्या कुंपण बघत नाहीत. शेजारच्या फुलांचे परागकण दर हंगामात मिसळत गेले होते.

मी ताईला फोन करून सांगितलं की हे बी आईचं नाही, आईच्या नात्यातलं आहे.

"म्हणजे काय गं? आईनंच घातलेलं ना ओटीत?" ती म्हणाली. "आणि एवढी वर्षं मनोरीत नांदून मी तरी तीच राहिलेय का?"

खरा प्रश्न भुरीचा होता. ताईच्या बियांची रोपं केली आणि त्यांच्यावर मुद्दाम बुरशी सोडली. पुष्कळ रोपं गेली. काही हिरवी राहिली. मॅडमनी ट्रेमधली हिरवी रोपं मोजली. मग म्हणाल्या, "आईच्या नावानं नोंदवू या?"

मी नको म्हटलं. ताईच्या नावानं नोंदवलं.

हिरव्या राहिलेल्या रोपांना फळं धरली. त्यांचं थोडं बी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं, थोडं ताईला दिलं आणि मूठभर एग्नेस मावशीला. बी एका घरात ठेवू नये, आणि लॅब हेही एकच घर असतं. मावशीनं बी पदरात घेतलं आणि आधी विचारलं ते कोंबड्यांना अडवायला जाळी कुठून आणायची, हे.

आईचा चिबूड आता नाही. ताईचा आहे. आमच्या पडवीत आढ्याला ती दोरी अजून आहे.