पह्यले खाली उतरा

नेट गेलं की आपण सगळे काय करतो? राऊटरचं बटण दाबतो, बंद करतो, चालू करतो आणि देवाला हात जोडतो. मनोहरभाऊंच्या घरात हे चालायचं नाही. माझा हात त्या बटणाकडे गेला की लहान पोराच्या हातावर मारावी तशी हलकी चापट बसायची. मग ते स्वतः हात पाठीमागे बांधून राऊटरसमोर उभे राहायचे आणि त्याच्या दिव्यांकडे नुसते बघत बसायचे. म्हणायचे, "थांबा वो मॅडम. गाडी बंद पडली त सेल्फ मारत बसू नये. बॅटरी उतरते. पह्यले खाली उतरा. चाकाखाली पाहा, मंग बोनट."

हा माणूस आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेला. आर्वी, रोहणा, सेलू, वर्धा, सगळे रस्ते पायाखालचे नव्हे, चाकाखालचे. हिंगणीच्या पुढे जंगलाकडे जी शेवटची वस्ती लागते, तिथे त्यांनी चार खोल्यांचं घर बांधलं होतं. मी शाळेत बदलून आले तेव्हा पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने दिल्या. पहिल्याच दिवशी दारात उभे राहून "जयभीम मॅडम" म्हणाले आणि लगेच, "भाड्याचं राहू द्या. गेम लावल्यावर मोबाइलवर पिक्चर पाहत बसाल काय, ते सांगा." मला वाटलं, म्हातारा जुगारी दिसतो! घर सोडून परत जावं असंही मनात आलं होतं.

गेम म्हणजे काय, ते संध्याकाळी कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली पुण्याला नोकरीला. जाताना तिचं गेमचं यंत्र टीव्हीला जोडलेलं तसंच ठेवून गेली आणि तिकडे स्वतःसाठी दुसरं घेतलं. रोज संध्याकाळी सातला बापलेक दोघंही ट्रक चालवायचा गेम लावायचे. एकाच रस्त्यावर दोन ट्रक, एक तिचा, एक यांचा. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक. परदेशातले कुठले तरी बर्फाचे घाट, आणि हे इकडे पंख्याखाली बनियनवर बसून अंगठ्याने ट्रक वळवतायत! "रूपे, घाटात न्यूट्रल नको करू! तुले कोनं लायसन दिलं बे?" अशी आरडाओरड भिंतीपलीकडून ऐकू यायची, आणि मी वह्या तपासता तपासता एकटीच हसायची.

"फोनवर का नाही बोलत?" मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "फोनवर का बोलाव? जेवली काय, हो. बरी हाय काय, हो. ठेव मंग. संपलं. ट्रकात बसली की पोरगी तासभर बोलते. हापिसातलं सांगते, कोन तिले त्रास देऊन राह्यलं ते सांगते. समोर रस्ता असला की मानूस बोलते, मॅडम. मी पॅसेंजर पाह्यले ना लय." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या एका तासाशिवाय त्या माणसाच्या दिवसात फारसं काही उरलेलं नव्हतं, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

दिवाळी झाली, शेतात हरभरा वीतभर वर आला, आणि संध्याकाळचं नेट जायला लागलं.

ऐन गेममध्ये पडदा थिजायचा. यंत्र सांगायचं की वायफाय सापडत नाही. थोड्या वेळाने आपोआप यायचं, रूपालीचा ट्रक तोवर कुठच्या कुठे गेलेला असायचा. मनोहरभाऊ "खाली उतरले." पहिला संशय लोखंडी कपाटावर. सिग्नल अडवते म्हणून शेजारच्या दोन गड्यांना बोलावून कपाट हलवलं. काही नाही. मग संशय माझ्यावर. माझा मिक्सर, माझा मोबाइल, एवढंच काय, माझा कुकर! "शिट्टी झाली आन् नेट गेलं, मी आपल्या डोयानं पाह्यलं." मी म्हटलं, "भाऊ, उद्यापासून कच्चं खाते." मग यंत्रातून नेटवर्क पुसून पासवर्ड पुन्हा टाकला. राऊटर माझ्या पुढच्या खोलीच्या खिडकीत होता, तो तिथेच उंच खिळ्यावर टांगला. शेवटी लांबलचक केबल आणून वायफायचा प्रश्नच मिटवला, यंत्र सरळ तारेने राऊटरला जोडलं. तरी संध्याकाळ झाली की जायचंच. कंपनीचा माणूस आला, त्याने बंद-चालू केलं आणि गेला. त्याच्या पाठीमागे भाऊ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं काय ते माझ्या लक्षात आलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण भाऊंनी त्याचं श्रेय मला सगळ्या गावात दिलं. राऊटर पुढच्या खोलीत, खिडकीशी होता. टीव्ही आणि यंत्र मधल्या खोलीत, इन्व्हर्टरवर. एका संध्याकाळी मी वह्या घेऊन पुढे बसले होते आणि डोक्यावरचा बल्ब लुकलुकला. अगदी पापणी लवावी एवढाच. त्याच क्षणी राऊटरचे सगळे दिवे विझले आणि आतून भाऊंची शिवी आली. वायफायला काही झालंच नव्हतं! वीजच झटका खात होती, आणि राऊटर बिचारा दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता.

"मग राऊटर पण इन्व्हर्टरवर लावा," मी म्हटलं. लावला. झालं, संपलं! आठवडाभर नेट असं चाललं की रूपालीने पुण्याहून माझ्यासाठी चिवडा पाठवला.

खूश नव्हते ते एकटे मनोहरभाऊ. आता ते टीव्ही सोडून माझ्या खोलीतल्या बल्बकडे बघत बसायचे. मधलं दार उघडं ठेवून, मान वाकडी करून. ट्रक खड्ड्यात जायचा. हेडफोनमधून रूपाली ओरडायची, "पप्पा, झोपलात का?" मी म्हटलं, आता काय राहिलं? तर माझ्यावरच डाफरले. "ऑइलचा लाल लाइट लागला म्हनून त्याच्यावर चिकटपट्टी मारली तुमी, आन् म्हनता गाडी ठीक हाये. अवो, बल्ब काऊन लुकलुकते? रोज दिवस बुडाल्यावरच काऊन? दिवसा काऊन नाई?"

मी हसून वह्यांकडे वळले. पण त्या दिवसापासून मलाही तो बल्ब दिसायला लागला. सातनंतर कधी एकदा, कधी दोनदा, कधी मुळीच नाही. आणि लुकलुकला की वस्तीतली कुत्री जंगलाच्या बाजूला तोंड करून भुंकायची. आधी मला वाटलं, योगायोग. नंतर मी बल्ब गेला की कान देऊन त्या भुंकण्याची वाट बघायला लागले, आणि ते यायचंच.

एका सकाळी भाऊ काठी घेऊन फिरायला गेले आणि फार उशिराने परतले. चहा पुढे केला तर कप हातात घेईनात. ओट्यावर बसून म्हणाले, "दादारावच्या हरभऱ्यात गेलतो. बांधाच्या कडेनं बारीक तार हाये, बांबूच्या खुंट्यावर. गवतात दिसत बी नाई. खाली रानडुकराचं पिल्लू पडलं होतं. केस जळल्याचा वास येऊन राह्यला होता." काठी बाजूला ठेवली. "तो लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडते, मॅडम. काही लागलं की साऱ्या वस्तीचा लाइट लुकलुकते. आपलं नेट नव्हतं जात. जीव जात होता कोनाचा तरी."

इतके दिवस आम्ही कपाटं हलवत होतो, मी कुकरवरून थट्टा करत होते, आणि तिकडे तारेला काहीतरी चिकटून तडफडत होतं. त्या बांधावरून बाया सरपण आणायला जातात. माझ्या वर्गातली अर्धी पोरं त्याच वाटेने येतात.

दादाराव भाऊंचा बालमित्र. एका वर्गात बसलेले, एका ताटात जेवलेले. त्याच संध्याकाळी भाऊंनी त्याला ओट्यावर बोलावलं. तो उलटच पेटला. "मंग का करू? रातभर जागलीवर बसू? मांगच्या साली डुकरांनी सारं वावर उकरलं, तवा आलता काय तू? आन् मी काही येडा नाई. सारे मानसं घरी आले, सात वाजले, की मंगच आकडा टाकतो. पहाटी काढतो. मानसाले धोका नाई."

"करंटले का मालूम, मानूस कोनता आन् डुक्कर कोनतं?" भाऊ म्हणाले. "ऐतवारपर्यंत काढ. नाई त सोमवारी मी बिजलीच्या हापिसात जातो. मंग दोस्ती गेली चुलीत."

दादाराव चहा न पिता उठून गेला. मी म्हटलं, आजच सांगून टाका, कशाला थांबता? भाऊ म्हणाले, "जेलात जाईन वो तो. चार दिवस देऊ. मानूस हाये, आयकन." आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. राऊटरचा प्लग इन्व्हर्टरवरून काढला आणि परत साध्या बोर्डात लावला. गेम अडकणार, रूपाली चिडणार, ठाऊक असून. "राहू द्या. बल्बाकडे माझं ध्यान नसलं त नेट तरी सांगीन. तार निघाली का नाई, तेवढं कळते."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. बापलेक गेम खेळायचे, आणि मी पलीकडे बसून राऊटरचा हिरवा दिवा बघायची. तो स्थिर राहिला तर जेवण जायचं. एकदा विझला, तर भाऊंनी हेडफोन काढला, खिडकीशी येऊन अंधारात बघत उभे राहिले. थोड्या वेळाने नेट परत आलं, आणि आत हेडफोनमधून पोरीचा बारीक आवाज येत होता, "पप्पा? पप्पा, आहात ना?" त्यांनी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. काळजी करेल म्हणून.

रविवारी रूपालीला सुट्टी. ती दुपारपासून गेमवर येऊन बसली होती. ऊन कलल्यावर भाऊंनी चपला घातल्या. "दादारावच्या वावरात जाऊन पाह्यतो, काढली काय तार. काढली असन त त्याले घेऊनच येतो चहाले."

"अंधार पडायला आलाय, भाऊ."

"सातच्या आंधी करंट नसते," ते म्हणाले. "त्याचा टाइम ठरला हाये." जन्मभर टाइमटेबलवर गाडी काढलेला माणूस. वेळ ठरली म्हणजे ठरली, गाडी त्याआधी सुटूच शकत नाही, हे त्यांच्या हाडात बसलेलं. "तुमी बसा ट्रकात. रूपी एकटी हाये. काही करू नका, गाडी साइडले लावली हाये, फक्त तिच्याशी बोला."

मी हेडफोन लावून बसले. पडद्यावर भाऊंचा निळा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, इंजिन चालू. रूपाली तिच्या घरमालकिणीची नक्कल करून दाखवत होती, आम्ही दोघी हसत होतो. ती म्हणाली, "पप्पा आले की सांगा, आज मी पुढे राहणार."

पडदा थिजला. नेट सापडत नाही, अशी पाटी आली.

मी मान वळवून पुढच्या खोलीत बघितलं. बल्ब मंद झाला होता. रोज तो पापणी लवल्यासारखा जायचा आणि यायचा. आज तो तसाच मंद राहिला. बराच वेळ. बाहेर अजून पुरता अंधारही पडला नव्हता, आणि सगळी कुत्री भुंकत होती.

मी धावले, लोकांना हाका मारल्या, कोणीतरी वायरमनला फोन लावला. दादाराव त्या दिवशी केळझरला कोणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेला होता. परतायला रात्र होईल म्हणून जायच्या आधीच आकडा टाकून गेला होता. एवढंच. बाकी काही नाही. तार काढायला त्याला रविवारपर्यंतची मुदत होती, आणि भाऊंना सातपर्यंतची खात्री.

वीज तोडून माणसं बांधावर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला कोणीतरी घरी आणून बसवलं. तोवर वीज परत आली होती, राऊटर आपला सुरू झाला होता, हिरवा दिवा शांत. टेबलावरच्या हेडफोनमधून आवाज येत होता. "मॅडम? आलं का नेट? पप्पा आले का?"

मला त्या पोरीला सांगावं लागलं. कसं सांगितलं ते विचारू नका.

दादाराव त्याच रात्री स्वतःहून ठाण्यात जाऊन बसला. त्याचं वावर आता पडीक आहे. रूपाली आली, सगळं आवरलं, आणि जाताना म्हणाली, "मॅडम, घर सोडू नका. आणि राऊटरचा प्लग आहे तिथेच राहू द्या." तिला मी सगळं सांगितलं होतं. वर्षभर तो दिवा एकदाही विझला नाही. इतकं चांगलं नेट या वस्तीत कधी चाललं नव्हतं, आणि मला ते बघवत नसे.

यंदा पुन्हा दिवाळी झाली. पलीकडच्या वावरात कोणाचा तरी हरभरा वीतभर वर आला आहे. काल संध्याकाळी वह्या तपासत होते आणि बल्ब लुकलुकला. राऊटरचे दिवे विझले. कुत्री भुंकली.

माझा हात बटणाकडे गेला नाही. मी वायरमनला फोन लावला, लाइन आत्ताच्या आत्ता बंद कर म्हणून ओरडले, टॉर्च घेतला, आणि वाटेवर कोणाला पुढे जाऊ द्यायचं नाही म्हणून ओट्यावरून खाली उतरले.