देवळीत कोण बसणार

मोठ्या बहिणीची मुलगी आमच्याकडे शिकायला यायची ठरली, तेव्हा भाऊजींनी एकच अट घातली. "आठ दिवस पाह्यतो. करमली तर शाळेत टाका. रडली तर वापस नेतो."

वापस नेणं म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक होतं. वडनेरला, बहिणीच्या सासरी, ती वर्षभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होती. बहीण आणि भाऊजी वावरात, पोरगी घरी पाळण्याजवळ. सहा वर्षं पुरी झाली होती तिला. शाळेचं नाव काढलं की भाऊजी म्हणत, "पुढच्या साली." हे पुढचं साल मी एकदा ऐकून घेतलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. बा कापसाच्या जिनमध्ये कामाला होता आणि सभांची पत्रकं वाटायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. उरलेली पत्रकं घरी यायची. मी अक्षरं त्यांवरच शिकले, अंकलिपी नंतर मिळाली. त्यामुळे माझ्या साध्या बोलण्यालाही मथळा असतो, असं माय म्हणायची. भाऊजींना मी चार पानी पत्र लिहिलं, त्यालाही मथळा दिला होता: 'मुलींच्या शिक्षणाचे मारेकरी कोण?' त्यांनी ते शेजाऱ्याकडून वाचून घेतलं आणि मुलीला सोडायला आलेल्या बहिणीबरोबर निरोप पाठवला, "साळीले सांगजो, मारेकरी आठ दिवसानं येते."

आमचं घर दोन खोल्यांचं आणि चुलीच्या खोलीला लागून एक अरुंद खण. त्या खणात पूर्वी देव होते. भिंतीतल्या कोनाड्याला आमच्याकडे देवळी म्हणतात. आमच्या गावाचं नावही देवळीच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बानं देवळीतले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. तेव्हापासून तो खण रिकामा होता. माय तिथं सरपणसुद्धा ठेवायची नाही. देव गेले होते, पण जागेचा धाक शिल्लक होता, आणि धाक शिल्लक ठेवणं मला मान्य नव्हतं. मी जाहीर केलं, ही खोली भाचीची.

मुलीची खोली! गल्लीत हसू झालं. शेजारची आजी दारातून म्हणाली, "काऊन वं, कलेक्टरीन येऊन राह्यली काय तुमच्या घरी?"

"येऊन राह्यली नाई, होऊन राह्यली," मी म्हणाले.

भाची यायच्या आधीच मी खोली सजवून ठेवली होती. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला आणि गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'अज्ञान सोडा. रोज वाचा.' देवळीतला तेलाचा काळा थर विटेच्या तुकड्यानं घासून काढला, आत लाल फडकं अंथरलं. पाटी आणि पुस्तकं ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. माझ्या मते खोली तयार होती.

भाची आली, दारापर्यंत आली, आत पाहिलं आणि माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं. उंबरठा ओलांडायला तयार नाही. हाक मारली तरी नाही, गुळाचा खडा दाखवला तरी नाही. बहीण परत गेल्यावर ती मायच्या पदराला धरून राहिली. रडली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं विचारलं, "आजी, बा कवा येते?" मी बोटांवर मोजलं: भाऊजी यायला पाच दिवस होते.

"लेकराची खोली हाय का पंचायतीची कचेरी?" माय मला म्हणाली. "भिंतीवर हुकूम लिहून ठेवले. चिमणी काढ, जनावरं काढ काही."

उन्हाळ्यामुळे जिन बंद होती आणि बाला सवड होती. तो कोळसा घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. "मोर काढतो."

"मोर सरस्वतीचा," मी म्हणाले.

"बैल?"

"शंकराचा."

"वाघ?"

"देवीचा."

उंदीर गणपतीचा, घुबड लक्ष्मीचं, घोडा तर आमच्याच जुन्या खंडोबाचा. ज्या खोलीतून देव काढले, तिथं त्यांची वाहनं मी आणू देणार नव्हते.

"कुत्रं तरी चालते का नाई?"

"दत्ताच्या पायापाशी असतात."

"रेडा!"

"यमाचा."

"गधा?" बा रडकुंडीला आला.

"शीतलामायचा."

चुलीपासून मायचा आवाज आला, "सारी जनावरं त्याइनं नेली न आपल्या वाट्याले काय ठेवलं? ढेकूण?"

बानं कोळसा खाली ठेवला. "बैल माह्यासंग वावरात राबला. न तू बसल्या जागी देऊन टाकला शंकराले."

मी कोळसा उचलला आणि उंट काढला. उंटावर कोणता देव बसतो हे मला माहीत नव्हतं. उंटही माहीत नव्हता. बानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा बैल बिमार हाय काय?"

पाचव्या दिवशी मी वर्ध्याला गेले होते, एका सभेची पत्रकं आणायला. संध्याकाळी परत आले तर खोलीत हत्ती उभा! जिनमध्ये मशीनचे भाग ज्यात येत, तसलं लांबरुंद लाकडी खोकं बानं आणलं होतं. त्याची खाट केली होती. एका टोकाला तरटाचं डोकं, डागी कापूस भरून गच्च केलेली सोंड, दोन बाजूंना दोन सुपं म्हणजे कान. मायनं कोळशानं डोळे इतके मोठे काढले होते की हत्ती सारखा दचकल्यासारखा दिसे. आणि वर, आढ्यापासून सुतळीवर, गुलाबी, पिवळे, हिरवे पोपट. माझी मागच्या सभेची पत्रकं कापून केलेले. एका पोपटाच्या पोटावर 'बंधू-भगिनींनो' असं स्पष्ट वाचता येत होतं.

"पत्रकं कापली?"

"वाचून झाले न सारे," बा म्हणाला.

"आणि हत्ती? हत्ती म्हणजे गणपती!"

"गणपतीले माणसाचं अंग हाय," माय म्हणाली. "याले खोक्याचं हाय."

बानं पुढे होऊन शांतपणे सांगितलं, बुद्धाच्या आईच्या स्वप्नात हत्तीच आला होता. हे त्यानं माझ्याच एका पत्रकात वाचलं होतं.

"ते स्वप्न होतं, बा!"

"हेही झोपासाठीच हाय," माय म्हणाली, आणि विषय संपला.

हत्ती भाचीला आवडला, यात शंका नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी ती उंबरठ्याबाहेर बसून काडीनं त्याच्या सोंडेला टोचत होती. पण आत पाऊल नाही. "हत्ती भायेर आना," ती म्हणाली. बानं खोकं उचलून पाहिलं. कान लावल्यापासून ते दारातून निघत नव्हतं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, अशी की सारी गल्ली जमा होईल.

मायनं तिला मांडीवर घेतलं. "काऊन रडतं माय? आत कोण हाय? आपलंच घर हाय न?"

हुंदक्यांतून तिनं सांगितलं, "मी आत गेली का तुम्ही मले देवळीत बसवान. मंग फडक्यात बांधान न नदीत टाकान."

मायनं एकेक प्रश्न विचारला. मग हळूहळू उलगडलं. वडनेरच्या एका शेजारणीनं निघताना सांगितलं होतं, "तुले आता देवळीत राहाचं हाय." भाऊजींच्याही घरचे देव गेले होते. देवळीतून काढलेले देव फडक्यात कसे बांधतात आणि पुढे कुठे जातात, हे भाचीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि इथं आली तर समोर घासूनपुसून ठेवलेली देवळी, तिच्याच मापाची, आत लाल फडकं अंथरलेलं. ते मी अंथरलं होतं.

माय तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी तिला समजावलं: गावाचं नाव वेगळं, भिंतीतली देवळी वेगळी, शब्द एकच. चांगलं सविस्तर समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिथं कोण बसते?"

"कोणी नाई."

"मंग फडकं कोणासाठी टाकलं?"

माय मध्ये पडली. "तूच सांग, कोणाले बसवू तिथं?"

भाचीनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. निवड फार चटकन झाली. "मावशीले."

मी मॅट्रिक झालेली बाई. पण शाळा तीन दिवसांवर आली होती. मी देवळीत डोकं घातलं, मग एक खांदा घातला. दुसरा खांदा जाईना, आणि गेलेला परत येईना. पांढरी माती केसांवर, नाकात. मी शिंकले तशी मागून खिदळण्याचा आवाज आला, मग पावलांचा, आणि माझी वेणी कोणीतरी दोन्ही हातांनी ओढली.

"आजी, ये! मावशी फसली!"

ती आत होती. खोलीच्या मधोमध. मला बानं सोडवेपर्यंत ती हत्तीवर चढून बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हा कोणाचा हाय?"

साऱ्या जनावरांचे मालक मला पाठ होते. मी म्हणाले, "तुझा."

मग दोन दिवस मला उसंत नव्हती. तिला वाघ हवा होता, उंदीर हवा होता, मोर तर दोन हवे होते. मी कोळशानं सगळे काढले, 'अज्ञान सोडा'च्या भोवतीच. साऱ्यांच्या पाठी रिकाम्या. उंटाला तिनं बैलच ठरवून टाकलं आणि त्याच्यासमोर मला चारा काढायला लावला. बा पोपटांच्या पोटावरची अक्षरं बोटानं दाखवायचा. रविवारपर्यंत तिला त्यांतला 'ब' ओळखता येऊ लागला होता.

रविवारी दुपारच्या मोटारीनं भाऊजी आले. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. "माह्या घरी मले खाट नाई, न इले हत्ती!"

मग ते हत्तीच्या कडेवर टेकले. खोकं कुरकुरलं. "चाल बेटा. माय वाट पाहून राह्यली. लहानाही रडते तुह्यासाठी."

तिचा चेहरा उतरला. भाऊ तिच्याच कडेवर मोठा झाला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर मायनं माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"त्याले इथं आन," भाची म्हणाली.

"थो लहान हाय अजून."

तिनं विचार केला. "मंग मोठा झाला का आनजो. उद्या मले शाळेत जाचं हाय."

मायनं चहा दिला, तो भाऊजींनी बशीत ओतून सावकाश संपवला. मग बाला म्हणाले, "नाव टाका उद्या. लहान्याचं मी पाह्यतो. वावरात नेतो संग. धुऱ्यावरच्या बाभळीले झोळी बांधतो."

परतीची मोटार धरायला ते उठले. फाटकापर्यंत पोचले नसतील, तोच ती हत्तीवरून उडी मारून मागे धावली आणि रस्त्यावरून ओरडली, "बा! झोळी बांधाच्या आंधी खाली मुंगळे पाह्यजो!"